रांगेत अडकलेली कामं : एअरफ्लोच्या मर्यादा आणि जोडण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत अपाची एअरफ्लोचीच चर्चा आहे. 2014 मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेलं आणि 2019 पासून अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प असलेलं हे शेड्युलर, म्हणजे ठरलेली कामं क्रमाने आणि वेळेवर चालवणारं सॉफ्टवेअर, आज लहानमोठ्या कितीतरी डेटा टीमच्या रोजच्या वापरात आहे. एक पत्र मात्र स्लर्म (क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक मशीनवर, कामं वाटणारी व्यवस्था) आणि नेक्स्टफ्लो (विश्लेषणाच्या पायऱ्या चालवणारं साधन) यांबद्दल आहे. ते मुद्दाम घेतलं आहे, कारण दुखणं तेच आहे. एअरफ्लोच्या भाषेत डॅग म्हणजे क्रमाने जोडलेल्या कामांचा आराखडा, त्यातलं एकेक काम म्हणजे टास्क, डॅगची एक फेरी म्हणजे रन. टास्क कधी सोडायचं ते एअरफ्लोमधला शेड्युलर हा भाग ठरवतो, प्रत्यक्ष चालवतो तो वर्कर. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये लिहिताना शब्द अंडरस्कोअरने जोडायचे. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत जिथे वागणूक बदलली आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न (पुणे) : आमच्याकडे सेलरीवर (वर्करना टास्क वाटणारी व्यवस्था) चालणारे चार वर्कर आणि एक शेड्युलर आहे. आवृत्ती 2.9. रोज रात्री एका डॅगमधून 200 टेबलं उचलायची असतात, पण एका वेळी 16 टास्कच चालतात. सर्व्हर जवळजवळ रिकामा दिसतो. पॅरललिझम 32 वरून 100 केलं, तरी फरक पडला नाही. काय राहून गेलं?

उत्तर : पॅरललिझमने फरक पडणारच नव्हता, कारण तुमची कामं तिथे अडलेलीच नाहीत. 16 हा आकडा दिसला की पहिला संशय 'मॅक्स ॲक्टिव्ह टास्क्स पर डॅग' या सेटिंगवर घ्यायचा. त्याचं डिफॉल्ट 16 आहे, आणि 2.x मध्ये ते त्या डॅगचे सगळे चालू रन मिळून मोजलं जातं. म्हणजे कालचा रन रेंगाळला असेल, तर आजच्या रनला 16 सुद्धा मिळणार नाहीत. आवृत्ती 3 मध्ये हीच मर्यादा प्रत्येक रनला वेगळी लागते. 2 वरून 3 वर जाताना जुना आकडा तसाच ठेवला आणि तीन रन एकदम चालू झाले, तर स्रोत डेटाबेसवरचा भार तिप्पट होऊ शकतो. अपग्रेडच्या यादीत हे आत्ताच लिहून ठेवा.

एअरफ्लोमध्ये प्रत्येक मर्यादा वेगळी गोष्ट मोजते. पॅरललिझम, म्हणजे एका वेळी चालू शकणारी एकूण टास्क (डिफॉल्ट 32), एका शेड्युलरपुरतं असतं, त्यामुळे दोन शेड्युलर असतील तर एकूण 64. पूल म्हणजे टास्कना वाटायच्या जागांचा, म्हणजे स्लॉटचा, साठा. डिफॉल्ट पूलमध्ये 128 स्लॉट असतात. एका डॅगचे एका वेळी जास्तीत जास्त 16 रन. आणि सेलरीच्या प्रत्येक वर्करवर 'वर्कर कन्करन्सी' 16, म्हणजे तुमच्याकडे चार वर्कर मिळून 64. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा खरा वेग. बाकीचे कितीही वाढवले तरी उपयोग नाही.

काम कुठे अडलंय हे अंदाजाने ठरवू नका, टास्कची अवस्था बघा. टास्क 'शेड्युल्ड' वर थांबलं असेल, तर शेड्युलरने ते अजून सोडलेलंच नाही : पूल भरला आहे, डॅगची मर्यादा गाठली आहे किंवा पॅरललिझम संपलं आहे. 'क्यूड' वर थांबलं असेल, तर शेड्युलरने सोडलं पण कुठल्याही वर्करने उचललं नाही : वर्कर भरलेत, बंद आहेत, किंवा टास्कला जी क्यू (रांग) नेमली ती ऐकणारा वर्करच नाही. एवढ्या एका नजरेत निम्मा शोध संपतो.

तुमच्या बाबतीत त्या एका डॅगमध्येच मॅक्स ॲक्टिव्ह टास्क्स 40 करा. सगळ्या डॅगसाठीचं डिफॉल्ट वाढवू नका. पॅरललिझम 100 वरून 64 वर आणा. वर्करच्या एकूण जागांपेक्षा ते जास्त ठेवलं, तर जादा टास्क क्यूड अवस्थेत पडून राहतात आणि 'टास्क क्यूड टाइमआउट'ची 600 सेकंदं उलटली की आवृत्तीनुसार पुन्हा रांगेत ढकलली जातात किंवा सरळ फेल होतात. सकाळी लॉग उघडावा तर तो रिकामा, कारण टास्क सुरूच झालेलं नसतं. हे कोडं पुष्कळांना छळतं.

आणि 40 करण्याआधी ती 200 टेबलं ज्या डेटाबेसमधून येतात त्याला 40 कनेक्शन झेपतात का, ते विचारून घ्या. सर्व्हर रिकामा दिसतो म्हणालात तो एअरफ्लोचा. समोरच्याचं काय?

प्रश्न (नाशिक) : ईआरपीचा (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) जुना डेटाबेस आहे. त्याच्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) आम्हाला जास्तीत जास्त सहा कनेक्शन वापरायला सांगितलं आहे. पण त्याला भिडणारे पाच डॅग तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिले आहेत. प्रत्येक डॅगची मर्यादा एकवर आणली तर काम पहाटेपर्यंत संपत नाही. मधला मार्ग आहे का?

उत्तर : पूल. तो नेमका यासाठीच आहे. टंचाई डॅगची नाही, त्या डेटाबेसची आहे, तेव्हा मर्यादाही डेटाबेसच्याच नावाने हवी. डॅगची मर्यादा लावली की प्रत्येकाने आपापल्या घरात आवराआवर केल्यासारखं होतं, पण पाच जण मिळून किती जण बाहेर पडले हे कोणी मोजतच नाही.

ॲडमिन मेनूत पूल्समध्ये जाऊन 'ईआरपी_वाचन' नावाचा पूल करा. स्लॉट सहा ठेवू नका, पाच ठेवा. एक कनेक्शन माणसासाठी राहू दे, रात्री काही तपासायची वेळ आली तर अडायला नको. मग पाचही डॅगमधल्या, त्या डेटाबेसला भिडणाऱ्या प्रत्येक टास्कला पूल हा पॅरामीटर द्या. एखादं टास्क आतून समांतर वाचन करून तीन कनेक्शन उघडत असेल, तर त्याला पूल स्लॉट्स 3 द्या. एअरफ्लो कनेक्शन मोजत नाही, तुम्ही सांगाल तो आकडा मोजतो. तो खरा सांगणं तुमच्या हातात.

आता पूल लावल्यावर हमखास काय बिघडतं ते बघू.

पूलच्या नावात एका अक्षराची चूक झाली, तर टास्क फेल होत नाही, शेड्युल्डवर गप्प बसून राहतं. शेड्युलरच्या लॉगमध्ये पूल अस्तित्वात नसल्याची ओळ येते, पण टास्कच्या लॉगमध्ये काहीच नसतं. तसंच, पाच स्लॉटच्या पूलमध्ये सहा स्लॉट मागणारं टास्क कधीच सुरू होणार नाही. पूल लहान केलात तर चालू असलेली टास्क मारली जात नाहीत, ती संपेपर्यंत नवीन घेतली जात नाहीत एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त नुकसान करते. वाचणं, रूपांतर आणि वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या डेटासाठ्यात) भरणं ही तिन्ही कामं एकाच टास्कमध्ये असतील, तर ईआरपीचा स्लॉट अकारण अडकून राहतो. समजा वाचायला 4 मिनिटं लागतात आणि भरायला 11. एकूण 15 मिनिटं स्लॉट धरला, त्यातली 11 ईआरपीशी संबंधच नाही. टास्क दोन करा. पहिलं ईआरपीतून वाचून फाइल ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये टाकेल आणि ईआरपीच्या पूलमध्ये राहील. दुसरं ती फाइल उचलून वेअरहाउसमध्ये भरेल आणि वेअरहाउसच्या पूलमध्ये राहील. एका टास्कला एकच पूल देता येतो, त्यामुळे दोन तंग यंत्रणांना भिडणारं टास्क तोडण्यावाचून तसाही पर्याय नसतो. दोन टास्कमध्ये एक्सकॉममधून (एका टास्कने दुसऱ्याला छोटी माहिती देण्याची सोय) फक्त फाइलचा पत्ता पाठवा, डेटा पाठवू नका. एक्सकॉम डिफॉल्टने एअरफ्लोच्याच डेटाबेसमध्ये साठतो.

पूलमधली रांग प्रायॉरिटी वेटने लागते. इथे एक खाच आहे : डिफॉल्ट नियम 'डाउनस्ट्रीम' असल्यामुळे टास्कच्या स्वतःच्या वजनात त्याच्या पुढच्या सगळ्या टास्कची वजनं मिळवली जातात. परिणामी शंभर टास्कच्या लांबलचक डॅगचं पहिलं टास्क, तुम्ही 10 वजन दिलेल्या छोट्या पण तातडीच्या डॅगला मागे टाकतं. वेट रूल 'ॲब्सोल्यूट' केलात की तुम्ही लिहिलेला आकडाच चालतो. वजन कितीही असो, चालू टास्क बाजूला सारून कोणी पुढे जात नाही.

शेवटचं म्हणजे, पूलला फक्त एअरफ्लोतून जाणारी कामं दिसतात. कोणी हाताने स्क्रिप्ट चालवली तर ती या हिशेबात नाही. म्हणून डीबीएला सांगून एअरफ्लोच्या युजरवर डेटाबेसमध्येही कनेक्शनची मर्यादा घालून घ्या. पोस्टग्रेसमध्ये रोलला 'कनेक्शन लिमिट' देता येतं. पूल शिस्त लावतो, पण हमी डेटाबेसच्या मर्यादेनेच मिळते. मला विचाराल तर दोन्ही हवीत.

प्रश्न (ठाणे) : मध्यरात्रीनंतर आमचं एअरफ्लो जणू गोठतं. सगळे स्लॉट 'रनिंग' दाखवतात, पण सीपीयू 2–3 टक्क्यांवर. पहाटे चारनंतर आपोआप सुटतं. वर्कर वाढवले, महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच.

उत्तर : चालू दिसणाऱ्या टास्कची नावं बघा. बहुतेक सगळी सेन्सर, म्हणजे काहीतरी होण्याची नुसती वाट बघणारी टास्क, निघतील, आणि ज्या फाइलची ती वाट बघतात ती चारच्या सुमारास येत असेल.

सेन्सर डिफॉल्टने 'पोक' मोडमध्ये चालतो. दर 60 सेकंदांनी एकदा डोकावतो, उरलेला वेळ झोपतो, पण वर्करची जागा आणि पूलचा स्लॉट सोडत नाही. 16 जागांच्या वर्करवर 16 सेन्सर बसले की तो वर्कर संपला. त्यात सेन्सरचा डिफॉल्ट टाइमआउट सात दिवसांचा. एखादी फाइल आलीच नाही, तर तिचा सेन्सर आठवडाभर जागा अडवून बसतो, उद्या त्याच्या जोडीला उद्याचा येतो. वर्कर वाढवल्यावर महिनाभर बरं चाललं ते यामुळेच : नवीन डॅग आले, नवीन सेन्सर आले आणि जागा पुन्हा भरल्या.

पाच मिनिटांपेक्षा जास्त वाट बघायची असेल तर मोड 'रीशेड्युल' करा. सेन्सर डोकावतो, नसेल तर जागा सोडून जातो, ठरल्या वेळी परत येतो. पोक इंटरव्हल 300 सेकंद ठेवा. 60 च्या खाली तर नकोच, कारण प्रत्येक खेपेला टास्क नव्याने रांगेत येतं आणि त्याचा भार शेड्युलरवर पडतो. त्याहून चांगला मार्ग 'डिफरेबल' ऑपरेटरचा. त्यात वाट बघण्याचं काम ट्रिगरर नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे जातं, आणि एक ट्रिगरर डिफॉल्टने 1000 प्रतीक्षा सांभाळतो. मात्र ट्रिगरर प्रत्यक्ष चालू आहे ना, हे तपासा. तो बंद असेल तर टास्क 'डिफर्ड' वर अडकतात आणि लॉगमध्ये चूक अशी काही दिसत नाही.

डिफर्ड टास्क पूलचा स्लॉट सोडतं. बहुतेक वेळा हेच हवं असतं. पण एअरफ्लोने दूरच्या क्लस्टरवर काम पाठवून त्याची वाट बघायची असेल, तर स्लॉट सुटणं चुकीचं : काम तिकडे चालूच आहे, आणि इकडे पूल पुढचं पाठवतो. अशा पूलला 2.7 पासून मिळणारा 'इन्क्लूड डिफर्ड' हा पर्याय चालू करा.

टाइमआउट प्रत्येक सेन्सरवर स्वतः लिहा. फाइल चारला येते ना? मग सहा तास पुरे. टाइमआउटने फेल झालेला सेन्सर रिट्राय घेत नाही, हे लक्षात असू द्या. आणि ज्या कामाची वाट बघायची ते आणि वाट बघणारं टास्क एकाच पूलमध्ये कधीही ठेवू नका. वाट बघणाऱ्यांनी सगळे स्लॉट धरले की ज्याची वाट बघायची ते सुरूच होत नाही, आणि ही कोंडी आपोआप सुटत नाही.

प्रश्न (पणजी) : बुकिंग पुरवठादाराच्या एपीआयवर मिनिटाला 60 कॉलची मर्यादा आहे. एक स्लॉटचा पूल केला, तरी 429 (कॉल फार झाल्याची चूक) येतोच.

उत्तर : एका वेळी किती टास्क चालू आहेत, एवढंच पूल मोजतो. मिनिटाला किती कॉल गेले याच्याशी त्याचा संबंध नाही. एक कॉल 200 मिलिसेकंदांत परत येत असेल, तर एकटं टास्क लूपमध्ये मिनिटाला 300 कॉल करेल. वेग आवरण्याची जागा टास्कच्या आतल्या कोडमध्ये आहे.

पूल एक स्लॉटचा राहू द्या. तो असल्यामुळेच आतला हिशेब सोपा राहतो, नाहीतर दोन टास्कनी एकमेकांत कोटा वाटून घ्यावा लागेल. कोडमध्ये दोन कॉलच्या सुरुवातींत किमान 1.1 सेकंदाचं अंतर ठेवा. म्हणजे मिनिटाला साधारण 54 कॉल होतात. 429 आलाच तर उत्तरातला 'रिट्राय आफ्टर' हेडर वाचा आणि त्यात सांगितलंय तेवढं थांबा. हेडर नसेल तर 2, 4, 8 सेकंद असं वाढवत जा आणि त्यात थोडा यादृच्छिक भाग मिसळा.

एअरफ्लोच्या रिट्रायवर यासाठी विसंबू नका. रिट्राय म्हणजे टास्क पहिल्या ओळीपासून पुन्हा. 900 पानांपैकी 850 वाचून झाल्यावर पडलं, तर ती 850 पुन्हा मागवली जातील आणि कोटा त्यातच संपेल. प्रत्येक पान आल्याबरोबर फाइलमध्ये लिहा, सुरुवातीला कोणती पानं आधीच आहेत ते बघा आणि तिथून पुढे चला. किंवा 50-50 पानांचे तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं टास्क करा.

एवढं करूनही 429 येत असेल तर चाचणीचं एअरफ्लो तीच एपीआय-की वापरतंय का, ते बघा. दोन एअरफ्लोंचे पूल एकमेकांना ओळखत नाहीत. चाचणीसाठी वेगळी एपीआय-की मागून घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : रात्री 2 चा क्रॉन (वेळापत्रकाची सूचना) दिला, डॅग सकाळी साडेसातला चालतो आणि नेमका ऑफिस सुरू होताना डेटाबेस मंदावतो.

उत्तर : एअरफ्लोचं डिफॉल्ट घड्याळ यूटीसी आहे, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. डॅगच्या स्टार्ट डेटला पेंड्युलम या पायथन लायब्ररीने 'एशिया/कोलकाता' टाइमझोन द्या, क्रॉन त्याप्रमाणे वाचला जाईल. वेब पानाच्या कोपऱ्यातला टाइमझोन बदलून फक्त दाखवणं बदलतं, वेळापत्रक नाही. बदल करताना कॅचअप 'फॉल्स' आहे ना, ते बघा. 2.x मध्ये ते डिफॉल्टने चालू असतं (3 मध्ये बंद), आणि स्टार्ट डेट मागची असली तर राहिलेले सगळे रन एकदम रांगेत येतात.

प्रश्न (नागपूर) : दोनचे सहा वर्कर केले. त्यानंतर एअरफ्लोच्या स्वतःच्या पोस्टग्रेसमध्ये 'टू मेनी क्लायंट्स' येऊ लागलं. आवृत्ती 2.8. मॅक्स कनेक्शन्स 100 वरून 500 केले तर चालेल का?

उत्तर : काही दिवस चालेल, पण त्या वाटेने जाऊ नका. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतं. आकडा पाचपट केला की मेमरी त्यातच जाते, आणि क्वेरीसाठी उरते कमी.

आधी 100 कुठे गेली ते पाहू. त्यातली 3 सुपरयुजरसाठी राखीव, उरली 97. एअरफ्लोच्या कायम चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसचा कनेक्शन पूल 5 चा असतो आणि गरज पडल्यास आणखी 10, म्हणजे जास्तीत जास्त 15. वेबसर्व्हर डिफॉल्टने चार प्रोसेस चालवतो : वाईटात वाईट वेळी तिथेच 60. शेड्युलरची वेगळी. शिवाय चालू असलेलं प्रत्येक टास्क आपण जिवंत आहोत हे कळवायला स्वतःचं कनेक्शन उघडतं. सहा वर्करवर 16 प्रमाणे 96 टास्क चालू झाली की गणित कोलमडलंच.

यावरचा उपाय पीजीबाउन्सर. तो मध्ये बसतो, एअरफ्लोची शेकडो कनेक्शन स्वतःकडे घेतो आणि पोस्टग्रेसकडे मोजकीच नेतो. मोड 'ट्रान्झॅक्शन' ठेवा. पोस्टग्रेसच्या बाजूला 30–40 कनेक्शनने सुरुवात करा आणि बाउन्सरकडे थांबलेल्या क्लायंटची संख्या बघून वाढवा. कुबरनेटीसवर अधिकृत हेल्म चार्टने एअरफ्लो लावलं असेल, तर त्यात पीजीबाउन्सर चालू करण्याचा पर्याय तयारच आहे. आवृत्ती 3 मध्ये टास्क या डेटाबेसला थेट भिडत नाहीत, एपीआय सर्व्हरमार्फत बोलतात, त्यामुळे हा ताण मुळातच कमी होतो.

आणखी एक झडती घ्या. डॅगच्या फाइलमध्ये, कुठल्याही टास्कच्या बाहेर, व्हेरिएबल वाचणारी किंवा क्वेरी मारणारी ओळ आहे का? शेड्युलर प्रत्येक फाइल डिफॉल्टने दर 30 सेकंदांनी पुन्हा वाचू शकतो, आणि दर वेळी ती ओळ चालते. 80 फाइलींत अशी एकेक ओळ असेल, तर डॅग बंद असतानाही डेटाबेसला मिनिटाला 160 फेऱ्या. ती ओळ टास्कच्या आत न्या, किंवा जिंजा टेम्प्लेटमधून घ्या, म्हणजे टास्क चालतानाच वाचली जाईल.

प्रश्न (पुणे, संशोधक विद्यार्थिनी) : संस्थेच्या स्लर्म क्लस्टरवर नेक्स्टफ्लोने 400 नमुन्यांचं जीनोम विश्लेषण करते. लॉगिन नोडवर (क्लस्टरवर काम पाठवण्यासाठी सगळे जिथे लॉगिन करतात ते मशीन) भार टाकल्याबद्दल ॲडमिनची ताकीद आली. उरलेली कामं 137 देऊन मरतात. प्रत्येक प्रोसेसला 64 जीबी दिले तर रांगच हलत नाही.

उत्तर : तीन वेगळी दुखणी आहेत.

लॉगिन नोडचं कारण सोपं आहे. नेक्स्टफ्लोचा डिफॉल्ट एक्झिक्युटर 'लोकल' असतो. कॉन्फिगमध्ये प्रोसेसचा एक्झिक्युटर 'स्लर्म' असं लिहिलं नाही, तर सगळं काम तुम्ही जिथे बसून आज्ञा दिली त्याच मशीनवर चालतं. ते लिहा. सोबत क्यू साइज (डिफॉल्ट 100) तुमच्या खात्याच्या मर्यादेत आणा आणि सबमिट रेट लिमिट मिनिटाला 10–20 ठेवा, म्हणजे स्लर्मवर अर्जांचा एकदम मारा होणार नाही. नेक्स्टफ्लोची मुख्य प्रोसेस स्वतः कुठे चालवायची, ते ॲडमिनला विचारा. बऱ्याच ठिकाणी ती एका छोट्या, लांब मुदतीच्या जॉबमध्ये चालवलेली आवडते.

137 म्हणजे 128 अधिक 9 : प्रोसेसला सिग्नल 9 देऊन मारलं. बहुतेक वेळा कारण मेमरी. सीपीयू कमी मागितला तर काम हळू होतं, मेमरी कमी मागितली तर काम मरतं. म्हणून मेमरीचाच अंदाज नीट हवा, आणि तो मोजून काढायचा. आधी लहान, मध्यम, मोठे असे पाच-सहा नमुने चालवा. एसॲक्ट आज्ञेत 'मॅक्स आरएसएस' हा रकाना मागा, प्रत्यक्षात किती मेमरी लागली ते त्यात दिसतं. त्यावर 25 टक्के चढवा.

सरसकट 64 जीबी का नको? नोडवर 48 कोअर आणि 192 जीबी आहे असं धरा. 1 कोअर आणि 64 जीबी मागणारे तीनच जॉब त्यावर मावतात, 45 कोअर रिकामे राहतात आणि तुमचे बाकीचे जॉब 'रिसोर्सेस' असं कारण दाखवत थांबतात. दर कोअरमागे 4 जीबी हे त्या नोडचं प्रमाण आहे. त्याच्या आसपास मागणी असली की जागा पटकन मिळते.

थोडे नमुने मोठे निघणारच. त्यांच्यासाठी मेमरी '8 जीबी गुणिले टास्क अटेम्प्ट' अशी लिहा, एरर स्ट्रॅटेजी 137 ते 140 या कोडला 'रिट्राय' आणि बाकीला 'फिनिश', मॅक्स रिट्राय 3. पहिल्या खेपेला 8, मग 16, मग 24, शेवटी 32. चारशेपैकी बहुतेक पहिल्याच खेपेत संपतील, मोठ्यांनाच जास्त जागा मिळेल. वेळेची मागणीही अशीच खरी ठेवा. दोन तासांच्या कामाला तीन दिवस मागितले, तर मोठ्या जॉबच्या मधल्या फटीत तुमचा छोटा जॉब बसवून घेण्याची संधी स्लर्मला मिळत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : एअरफ्लो स्पार्कचं (मोठा डेटा अनेक मशीनवर हाताळणारं साधन) काम यार्नवर (त्या मशीनच्या जागा वाटणारी व्यवस्था) पाठवतं. कधी कधी टास्क फेल दिसतं, पण यार्नवर काम चालूच असतं. मग रिट्राय दुसरं काम पाठवतं आणि टेबलात ओळी दुप्पट होतात.

उत्तर : एअरफ्लोच्या दृष्टीने टास्क म्हणजे वर्करवरची प्रोसेस. ती मेली, किंवा तिचा हार्टबीट (जिवंत असल्याचा संदेश) डिफॉल्ट 300 सेकंद आला नाही, की शेड्युलर तिला झोंबी समजून फेल करतो. यार्नवरच्या कामाला यातलं काहीच कळत नाही. ते आपलं चालू राहतं.

पहिली दुरुस्ती लिहिण्याच्या पद्धतीत करा. ओळी जोडत जाण्याऐवजी त्या दिवसाचं पार्टिशन (टेबलाचा तेवढा भाग) पूर्ण ओव्हरराइट करा. मग एका पाठोपाठ एक दोनदा चाललं तरी निकाल एकच राहतो. फक्त जुनं आणि नवं काम एकाच वेळी चालू राहिलं तर एवढं पुरत नाही, म्हणून दुसरी दुरुस्ती : कामाला डॅग, टास्क आणि तारीख मिळून ठरलेलं नाव द्या. टास्कच्या सुरुवातीला त्या नावाचं काम यार्नवर चालू आहे का ते विचारा. असेल तर नवीन पाठवू नका, त्याचीच वाट बघा. प्रयत्नाचा क्रमांक मात्र नावात घालू नका, नाहीतर दुसऱ्या खेपेला जुनं काम सापडणारच नाही.

तिसरं, ऑपरेटर स्वतः लिहिला असेल तर त्यातली 'ऑन किल' ही पद्धत भरा आणि तिथून यार्नचं काम रद्द करा. एक्झिक्युशन टाइमआउट लागला किंवा कोणी हाताने टास्क फेल केलं, तर ती चालते. वर्करच अचानक गेला किंवा मेमरीअभावी प्रोसेस मारली गेली, तर ती चालत नाही, त्यामुळे नावाची तपासणी तरीही लागतेच.

वर्करवर मेमरी संपून हार्टबीट चुकतोय का, हेही बघा. स्पार्कचा ड्रायव्हर (काम हाकणारी मुख्य प्रोसेस) क्लायंट मोडमध्ये असेल तर तो वर्करच्याच मेमरीत राहतो. दोन-दोन जीबीचे दहा ड्रायव्हर 16 जीबीच्या वर्करवर मावणार नाहीत. डिप्लॉय मोड 'क्लस्टर' करा, म्हणजे ड्रायव्हर यार्नवर जाईल. आणि यार्नच्या तुमच्या क्यूमध्ये एका वेळी जेवढी कामं खरोखर चालू शकतात, तेवढ्याच स्लॉटचा पूल या टास्कना द्या. क्यूत चार मावत असतील आणि पूल दहाचा असेल, तर सहा टास्क यार्नच्या रांगेत उभी राहून एक्झिक्युशन टाइमआउटचा वेळ खर्च करत बसतील, आणि त्यातली काही सुरू होण्याआधीच फेल होतील.